एडक्याचं शिंग आणि तोडीचा दिवस

आमच्या घरात सुनेला हाक आली की तिनं उठायचं असतं. बसल्या जागेवरून ‘काय?’ विचारणं म्हणजे उलट उत्तर. हे मला कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी खुर्चीतूनच ‘ओ’ दिली आणि सासूबाई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, तेव्हा कळलं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. आत्यांचं माहेर मेंढरंवाल्यांचं. माळावर पांगलेली मेंढरं हाकेनं गोळा करण्यात त्यांचं लहानपण गेलं, त्यामुळे आवाज असा की मागच्या खोलीचं दार, माझे हेडफोन आणि पंख्याची घरघर ओलांडून तो थेट मानगूट धरायचा. मी उठायचे. चहा, दळण, गॅसवाला आलाय, कोंबड्या ज्वारीत शिरल्यात, कारण काहीही असो.

मागच्या खोलीत मी काय करते ते घरात कोणालाच धड माहीत नव्हतं. ‘कंप्युटरवर चित्रं काढती’ एवढंच. चित्रं मी काढत नव्हते. जालन्याला कॉलेजात असताना मी थ्रीडी मॉडेलिंग शिकले होते, म्हणजे कार्टूनमधले प्राणी आणि माणसं स्क्रीनवर घडवायची. त्या प्राण्याचं अंग ही छोट्या छोट्या चौकोनांची एक जाळी असते. शिंग हवं असेल तर कपाळावरचे चार चौकोन निवडायचे, कीबोर्डवरचं ‘ई’ दाबायचं आणि बाहेर ओढायचं. ओढलेल्या भागाभोवती नव्या चौकोनांचं एक कडं तयार होतं. याला एक्स्ट्रूड करणं म्हणतात. थोडं ओढायचं, थोडं वळवायचं, पुन्हा ओढायचं, असं कड्यापुढे कडं जोडत शिंग वाढत जातं. शेवटी सबडिव्हिजन चालू केलं की कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनाचे आणखी बारीक चौकोन करतो आणि सगळं अंग गुळगुळीत होतं. पण त्यासाठी जाळी स्वच्छ लागते. तुकडा न तुकडा चौकोनी हवा, प्रत्येक ओळ न तुटता पुढे गेली पाहिजे. मध्येच त्रिकोण घुसला किंवा एकावर एक दोन थर बसले, की गुळगुळीत करताना तिथे चुणी पडते. स्वेटरचा एक टाका चुकल्यावर आजूबाजूची वीण ओढली जाते, तसं.

मला या कामाचं वेड होतं, साधी आवड नव्हे. भांडी घासतानासुद्धा मी कढईच्या कानाकडे बघून विचार करायचे, की हा कान ओढायचा तर किती चौकोन निवडावे लागतील. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आधी घास ती.” तो माणूस वाईट नाही, पण ट्रॅक्टर सोडून दुसऱ्या कशावर बोलायचं म्हटलं की त्याला जांभई येते.

मामांनी मला मुदत दिली होती. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत, मी मागच्या खोलीत बसून नोकरीचं बघायचं. तोवर काम लागलं तर ठीक, नाहीतर ती खोली खताच्या गोण्यांना, आणि मी घराला. मामा ओरडून बोलत नाहीत. त्यांनी हे जेवताना, कांदा फोडता फोडता सांगितलं, म्हणून ते जास्त पक्कं वाटलं. त्या दिवसापासून गावातून उसाची ट्रॉली गेली की मी उरलेले दिवस मोजायचे.

पुण्याच्या एका स्टुडिओनं परीक्षा म्हणून मला एक एडका, म्हणजे शिंगाळा मेंढा, करायला दिला. लहान मुलांच्या मालिकेतला, थोडा भांडखोर, दोन वेढ्यांच्या शिंगांचा. शिंग वेगळं करून चिकटवायचं नाही, कपाळातूनच ओढून काढायचं. एडक्याला रवंथ करता आला पाहिजे, कान हलवता आले पाहिजेत. मला वाटलं, देवानंच माझ्यासाठी पाठवलाय. आत्यांना एकदा बोलावून दाखवला. त्यांनी पदर तोंडाला लावून तो खालून वर बघितला आणि म्हणाल्या, “लई माजलेला दिसून राह्यला. कुनाचाय?” माझाच, म्हटलं.

निकालाच्या दिवशी सकाळी स्टुडिओतल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात, पण डोळे मास्तरणीचे. त्यांनी माझी फाईल स्वतःच्या स्क्रीनवर उघडली आणि मला दाखवत एडका चारी बाजूंनी फिरवला. “पायांच्या ओळी छान गेल्यात,” म्हणाल्या. मी श्वास सोडला. मग त्यांनी सबडिव्हिजन चालू केलं.

शिंगाच्या मुळाशी चामड्याला दोरी बांधून आवळल्यासारखी चुणी पडली. कानाच्या बुडाशी दुसरी. एका खुराच्या वर तिसरी, ओठाच्या कडेला आणखी एक. माझा जुना लॅपटॉप सबडिव्हिजन चालू केलं की आचके द्यायचा, म्हणून मी ते बंद ठेवूनच काम करत आले होते. माझा एडका गुळगुळीत झालेला मी पहिल्यांदा बघत होते, आणि तोही दुसऱ्याच्या स्क्रीनवर.

बाईंनी शिंगाचं मूळ जवळ आणलं, तिथलं एक टोक धरून ओढलं. खाली तसंच दुसरं टोक होतं. दुहेरी कातडं.

“तुम्ही ई दाबता आणि मग राइट क्लिक करून रद्द करता,” त्या म्हणाल्या. “त्यानं फक्त ओढणं रद्द होतं. नवं कडं तयार झालेलं असतं, ते तिथेच राहतं. जुन्यावर चिकटून, दिसत नाही.”

“हो,” मी म्हटलं. मला हे माहीत होतं. क्लासच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

“मग इतक्या वेळा का? तुम्हाला येत नाही असं वाटत नाही मला. दर थोड्या वेळानं कोणीतरी तुम्हाला खुर्चीतून उठवल्यासारखं दिसतंय.”

माझे कान तापले. माझं घर, आमचा चहा, आमचं दळण, सगळं त्या बाईंना एडक्याच्या अंगावर वाचता येत होतं. ई दाबलं, हाक आली, राइट क्लिक केलं, उठले. परत आले आणि पुन्हा ई दाबलं. मला आत्यांचा राग आला, त्या बाईंचा आला, आणि तीन खोल्या ओलांडणाऱ्या त्या आवाजाचा तर इतका आला की दात करकरले.

“आणखी एकाचं काम आमच्याकडे आलंय,” बाई म्हणाल्या. “ते स्वच्छ आहे, पण तुमचा एडका मला आवडलाय. चार वाजेपर्यंत जाळी साफ करून पाठवा. चारनंतर मला थांबता येणार नाही.”

कॉल संपला आणि अंगणात मोटारसायकल थांबली. नवरा गाडीवरूनच ओरडला, “तोड आली! टोळी शेतात उतरली बी!”

उसाची तोड कधी येईल ते आमच्या हातात नसतं. आठवडे वाट बघायची, रोज विचारायचं, आणि एका सकाळी तोडणारी टोळी कोयते घेऊन शेतात हजर होते. मग घरात कोणी बसून राहत नाही. त्यातून आमच्या घरची रीत अशी, की पहिल्या दिवशी टोळीला आणि ट्रॅक्टरवाल्यांना दुपारची भाकरी घरची. दुसऱ्यांच्या शेतात ते आपापलं बांधून आणतात, आमच्याकडे पंगत बसते. ही रीत आत्यांनी सुरू केली होती आणि ती मोडलेली त्यांना आवडत नसे. टोपलंभर भाकरी, पातेलंभर वरण, ठेचा. दोन बायांचं काम.

“चल गं, जल्दी!” आत्यांची हाक आली. “पीठ काढ!”

मी उठले. सवयीनं उठलेच. दारापर्यंत गेले आणि तिथे माझा हात कडीवर गेला. कडी घालायची असं मी ठरवलं नव्हतं, पण घातली. आमच्याकडे दिवसाढवळ्या सून आतून कडी लावत नाही. दार ढकलून घेतलं तरी शेजारची विचारते, भांडण झालं का. कडीचा आवाज आत्यांना ऐकू गेला असणार, कारण पुढची हाक आलीच नाही. पावलं आली.

“कडी काहून लावली?”

“आत्या, आज न्हाई. आज मला चार वाजेपर्यंत काम आहे.”

“आन् भाकरी?”

मी जाऊन खुर्चीत बसले. माउसचा बाण स्क्रीनवर नको तिथे जात होता.

दुहेरी थर काढायला एक सोपी आज्ञा असते. जवळजवळची टोकं जोडून टाक म्हटलं की कॉम्प्युटर एकमेकांवर बसलेली टोकं एक करतो. मी ती दिली. थोडीच जुळली. मधल्या काळात मी एडक्याच्या अंगावरून माउसनं हलका हात फिरवून आकार नीट केला होता, त्यात वरचे आणि खालचे थर केसभर सरकले होते. म्हणून मी अंतर थोडं वाढवून पुन्हा जोडलं. शिंगाचं मूळ स्वच्छ झालं. मी खूश होऊन एडका फिरवला आणि बघते तर त्याचं तोंड शिवलेलं. वरचा ओठ खालच्या ओठाला जोडला गेला होता, पापण्याही मिटल्या होत्या. ज्याला रवंथ करायचा त्याचं तोंडच बंद. मी शिवी हासडली, जी सुनेच्या तोंडी शोभत नाही, आणि कंट्रोल झेड दाबून मागे आले.

म्हणजे आता एकेक कडं हातानं. निवडायचं, वरचं आणि खालचं टोक शोधायचं, जोडायचं, ओळ पुढे जाते का बघायचं. जोडताना कुठे त्रिकोण राहिला तर तो मोडून पुन्हा चौकोन बसवायचा. घाई केली तर संपलं.

दारावर थाप पडली. “अगं ए! दार उघड!”

मी एडक्याचा कान सोडवला. डावा झाला, उजवा धरला. थाप पुन्हा पडली, या वेळी दोन्ही हातांनी. कडी खडखडली. “बोल तरी! काय झालं तुला? बोल!” आवाज चिरकत होता. मला वाटलं, हा संताप. टोळी उपाशी राहील, गावात नाव जाईल, म्हणून चाललंय. म्हटलं, ओरडू दे. आज मी उठणार नाही, आज उठले तर आयुष्यभर उठत राहीन. मी हेडफोन घातले, गाणं न लावता, फक्त कान झाकायला. तरीही प्रत्येक थाप टेबलातून मनगटापर्यंत येत होती.

आणि मग थाप बंद झाली. एकदम. मी वळून दाराकडे बघितलं. खिडकीवर क्षणभर सावली आल्यासारखी वाटली, पण मी तिकडे बघितलं नाही. आत्या रागानं निघून गेल्या असं मी धरून चालले, आणि आता पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते नंतर बघू म्हणून स्क्रीनकडे वळले.

शांततेत काम जास्त अवघड गेलं. आता चूक झाली तर तिला कोणाची हाक कारण नव्हती. वीज गेली, इन्व्हर्टरनं टीं टीं सुरू केलं, लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली. मी दर कड्यानंतर फाईल सेव्ह करत होते. डाव्या शिंगाच्या मुळाशी शेवटचं कडं होतं, तिथे चार ओळी एकत्र यायच्या होत्या आणि एक कुठेतरी कपाळाखाली हरवत होती. मी ती सोडली, पुन्हा शोधली, पुन्हा हरवली. घशाला कोरड पडली होती पण पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात होता, आणि स्वयंपाकघर दाराच्या पलीकडे. शेवटी मुळाचा सगळा भाग पुसून टाकला, कपाळावरचे चार चौकोन पुन्हा निवडले, ई दाबलं आणि ओढलं. या वेळी सोडलं नाही. कडं बसलं, त्याला वरच्या शिंगाशी टोकाला टोक जोडलं. मग लॅपटॉप जळला तर जळू दे म्हणून सबडिव्हिजन चालू केलं.

पंखा किंचाळला, स्क्रीन गोठली, आणि थोड्या वेळानं एडका हळूच गुळगुळीत झाला. शिंगं कपाळातून अशी निघाली होती की कातडं कुठे संपतं आणि शिंग कुठे सुरू होतं ते बोट लावून सांगता येऊ नये. मी फाईल पाठवली. चार वाजायला अजून थोडी मिनिटं बाकी होती.

बाईंचा फोन लगेच आला. “आता बरोबर. सोमवारपासून या कामावर, घरूनच. पण दहा ते सहा आमचे सगळे एकत्र कॉलवर असतात. मध्ये उठून जाता येणार नाही. घरी बोला आणि आजच्या आज मला हो किंवा नाही कळवा.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “उठावंच लागलं तर आधी कंट्रोल झेड करत जा. आमच्याकडेही हाका मारतात.”

मी कडी काढली. घर रिकामं होतं. चूल अजून गरम होती, परातीच्या कडेला पीठ वाळलेलं, आणि ओट्यावर एक करपलेली भाकरी बाजूला ठेवलेली. टोपलं नव्हतं. आत्यांनी सगळ्या भाकरी एकटीनं थापल्या होत्या. तिथे उभं राहून काही होणार नव्हतं. मी चप्पल घातली आणि शेताकडे निघाले. वाटेत मनात एकच चाललं होतं, मामांना कसं सांगायचं, आणि ते नाही म्हणाले तर स्टुडिओतल्या बाईंना काय सांगायचं.

उसाचा एक तुकडा तुटून मोकळा झाला होता. पाचटावर पंगत बसली होती, उशिरानं का होईना. टोळीतली बाया-माणसं, नवरा, शेवटी मामा. आत्या वाढत होत्या. मी आले ते सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. म्हणजे कडीची बातमी शेतात माझ्याआधी पोचली होती. आत्यांनी वर मानही केली नाही.

गोड बोलून, वेळ बघून सांगायचं मला जमत नाही. मी पंगतीच्या टोकाला उभी राहिले आणि म्हटलं, “मामा, काम लागलं. सोमवारपासून. दहा ते सहा मधनं उठता येणार न्हाई. तिथल्या बाईंना आजच हो का न्हाई ते कळवायचंय.”

मामांनी घास चावून संपवला. टोळीसमोर विषय काढला हे त्यांना रुचलं नव्हतं. “चांगलं झालं,” ते म्हणाले, आणि पाणी प्याले. “पन मंग घरचं कसं? दुपारची भाकरी कोन थापंल?”

नवऱ्यानं ताटात बघितलं. मला वाटलं, संपलं. एवढं शिंग स्वच्छ करून शेवटी भाकरीवर अडलं.

“आत्ता खाऊन राह्यले ती कोनी थापली?” आत्या म्हणाल्या. त्या मामांच्या ताटात वरण वाढत होत्या आणि पळी थांबली नव्हती. “उपाशी राह्यलं का कोनी? बिलकुल न्हाई. मंग झालं तर.”

मामा काहीतरी बोलायला गेले आणि परत भाकरीकडे वळले. आमच्या घरात मामांचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे मला एव्हाना माहीत होतं. मला आत्यांचे पाय धरावेसे वाटले, हसावंसं वाटलं. मी पुढे होऊन त्यांच्या हातातलं पातेलं घ्यायला गेले, तर त्यांनी ते दिलं नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते, आणि ते चुलीच्या धुरानं नव्हतं.

“काम कर तुझं,” त्या म्हणाल्या, हळू, फक्त मला ऐकू येईल असं. “म्या न्हाई मारनार हाका. पन कडी लावायची न्हाई. म्या बडवून राह्यले, बडवून राह्यले, आन् तू बोलंना. मला वाटलं, पोरीनं काही बरंवाईट केलं आतमंदी. मागून जाऊन खिडकीतून बघितलं, तवा तुझी बोटं हालताना दिसली. मंग म्या पीठ काढलं.”

मला तिथेच रडू फुटलं, टोळीसमोर, तोंडावर पदर घ्यायचंही भान राहिलं नाही. मी त्यांना इतके दिवस फक्त आवाज समजत आले होते. आत्यांनी पातेलं खाली ठेवलं, टोपल्यातली एक भाकरी दुमडून माझ्या हातात कोंबली. त्यांचे तळवे तव्यानं लाल झाले होते.

“खा आधी,” त्या म्हणाल्या. “मंग त्या बाईला फोन कर. ताटकळली आसंल ती.”